चिल्लई कलां आणि सहलपत्रक

या आठवड्यात घरोघरी येऊन पडलेल्या एका सहलपत्रकात नाताळच्या सुटीत लेकराबाळांसह काश्मीर, सात दिवस, पाच मुक्काम आणि रोज पहाटे सहाला प्रस्थान असा कार्यक्रम छापलेला पाहून मला संताप आला. आणि आपल्या कारंज्यातील चांगली शिकलेली कुटुंबे त्यासाठी अनामत भरीत आहेत हे कळल्यावर, मुलांच्या प्रवासाविषयी या सदरात वारंवार लिहिलेले पुन्हा लिहिणे प्राप्त झाले.

२१ डिसेंबरला काश्मिरात ‘चिल्लई कलां’ सुरू होते. कडाक्याच्या थंडीचे हे ४० दिवस, त्यांच्यामागून चिल्लई खुर्दचे २० आणि चिल्लई बच्चाचे १०, असा तेथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजलेला हिशेब आहे. नळातले पाणी गोठते, दल सरोवराच्या कडेला बर्फाचा थर धरतो, माणसे फेरन या सैल झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसतात, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली वांगी आणि दुधी शिजवून खातात. आणि खोऱ्यातील शाळांना डिसेंबरपासून साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत सुटी असते. राज्यकारभारानेही या थंडीचा मान राखला होता. महाराजा रणबीरसिंहांनी १८७२ साली सुरू केलेल्या प्रथेप्रमाणे सारे दफ्तर बस्ते बांधून हिवाळ्यापूर्वी श्रीनगरहून जम्मूस जाई आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येई. हा शिरस्ता २०२१ पर्यंत चालला. ज्या दिवसांत तेथील आई आपल्या लेकराला शाळेतही पाठवीत नाही, त्या दिवसांत वऱ्हाडातले सहा वर्षांचे पोर अंधारात उठवून मोटारीत बसवायचे, याला नियोजन कसे म्हणावे?

हीच गोष्ट उलटी करून पाहावी. नवतपात, पारा चव्वेचाळीस अंशांवर असताना, एखादे काश्मिरी कुटुंब कारंज्याला आले आणि भर दुपारी मुलांना घेऊन सोहोळच्या अभयारण्यात काळवीट पाहायला निघाले, तर आपण त्यांना उंबरठा ओलांडू देऊ काय? आपण त्यांना कूलरपुढे बसवू, पन्हे पाजू, दुपट्टा बांधायला शिकवू, खिशात कांदा ठेवू आणि ऊन उतरल्यावरच बाहेर सोडू. आपल्या उन्हाविषयी हे शहाणपण आपल्याला उपजत आहे. परक्या थंडीविषयीचे शहाणपण तेथील लोकांकडून घ्यावे लागते, आणि दहा वाजेपर्यंत घरात राहावे, एका ठिकाणी टिकावे, हेच ते सांगतात.

म्हणून मुक्काम एकच असावा, तो श्रीनगरला. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथे दिवसभर जाऊन यावे, आणि वाऱ्यामुळे गोंडोला रोपवे बंद राहिला तर मुलांना बर्फात खेळू द्यावे, त्यांना तेवढेच हवे असते. अंगालगत सुती गंजी नको, कारण घामाने ओली झाली की ती अंग गार पाडते. आत पातळ लोकर, वर जाड लोकर आणि त्यावर वारा अडवणारा कोट असावा. ओले मोजे तत्क्षणी बदलावेत, कारण खेळात रमलेले लेकरू पाय बधिर झाल्याचे सांगत नाही.

प्रवासाची तजवीज तर आधीच हवी. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस अगोदर खुले होते, म्हणजे नाताळच्या जागा ऑक्टोबरअखेरीसच धराव्या लागतात. उत्तरेतील धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, म्हणून दोन दिवस हातचे राखावेत. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला थेट रेल्वे जाते, त्यामुळे बर्फाने बंद पडणाऱ्या महामार्गावरची भिस्त कमी झाली, ही मोठीच सोय आहे. चिनाबवर ३५९ मीटर उंच पूल बांधणाऱ्या या देशाला यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे मात्र रुंद करून पुन्हा धावती करता येऊ नये आणि कारंजेकराला गाडी गाठण्यासाठी मुलांसह एसटीने जावे लागावे, हे दुःख मी मांडतच राहणार.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला दहशतवादी हल्ल्यात २६ माणसे मारली गेली, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातील होती. त्यामुळे कोणी काश्मीर टाळीत असेल तर त्याला दोष देता येणार नाही. जाणाऱ्याने कोणती स्थळे खुली आहेत याची निघण्यापूर्वी चौकशी करावी.

सुटी अवघी पाच-सहा दिवसांची असेल, तर उत्तरेचा हट्ट सोडून चिखलदऱ्यास जावे. १,१०० मीटरवरची थंडी आणि कॉफीचे मळे मुलांना पुरेसे आहेत. काश्मीरलाच जायचे तर एक मुक्काम, उशिराची सकाळ आणि हातचे राखलेले दोन दिवस, एवढ्या तीन अटी पाळाव्यात. त्या पाळता येत नसतील, तर अनामत बुडाली तरी चालेल, बेत रद्द करावा.