रेशन फुकट, मग भूक कसली?

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातल्या कुपोषणाचा विषय निघाला की दोन उत्तरे तयार असतात. एक, रेशन फुकट मिळते, मग भूक कसली? दुसरे, कोरकू आदिवासींची अंधश्रद्धा आणि मोहाची दारू. 1993 साली इथल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले, तरी ही उत्तरे काही बदलत नाहीत.

आधी रेशनचा हिशेब करू. अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला 35 किलो धान्य मिळते, माणसे कितीही असोत. सात खाणारे धरले तर माणशी पाच किलो, म्हणजे दिवसाला जेमतेम 165 ग्रॅम. दोन भाकरी, फार तर तीन. डाळ नाही, तेल नाही. दिवसभर निंदणी करून बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईने एवढ्यावर भागवायचे? हे धान्य नसते तर हाल कुत्र्याने खाल्ले नसते, हे कबूल. पण जीव तगणे वेगळे आणि पोट भरणे वेगळे.

दुसऱ्या उत्तरावर फार वेळ घालवायला नको. उपचार म्हणून तान्ह्या बाळाच्या पोटाला तापल्या विळ्याचे चटके देणे अघोरीच, ते बंद व्हायलाच हवे. पण त्या चटक्याने कणगी रिकामी होत नाही. आणि दारू काय, अमरावती शहरात पीत नाहीत?

कणगी रिकामी होते ती ठरल्या वेळी. दिवाळीनंतर माणसे मजुरीला बाहेर पडतात, होळीला परततात, पुन्हा जातात. पेरणीला गावी आली की गाठीची कमाई बियाण्या-खतात जाते. मग आषाढ-श्रावण. घरात दाणा नाही, पावसामुळे मातीकामे बंद, म्हणजे रोजगार हमीही थंड. उघडे असते ते फक्त उधारीचे खाते. सरकारला हे ठाऊक नाही असे थोडेच आहे? आदिवासींना मिळणारे खावटी कर्ज याच महिन्यांसाठी होते. कोरोनाच्या साली त्याचे अनुदान झाले, कुटुंबाला 4000 रुपये, त्यातले निम्मे वस्तुरूपात.

पूर्वी या दिवसांना कुटकी या भरडधान्याचा आधार असे. बरड उतारावर येते, लवकर निघते, किडीला दाद देत नाही, कणगीत वर्षानुवर्षे टिकते. तिच्या जागी सोयाबीन आले. ते खळ्यावरून थेट व्यापाऱ्याच्या काट्यावर जाते. भाव पडला तर उधारीही फिटत नाही, आणि चुलीवर चढवायला काही उरत नाही. ‘पैसा आला ना, विकत घ्या’ म्हणणाऱ्यांनी तो पैसा श्रावणापर्यंत पुरतो का, हे एकदा पाहावे.

धोका आहे तो या पावसाळी महिन्यांत. म्हणून रोजगार हमीच्या उन्हाळी कामांची मजुरी पेरणीआधी हातात पडली पाहिजे. अंगणवाडीचा आहार वीटभट्टीवर गेलेल्या पोरापर्यंत पोचला पाहिजे. आणि कुटकी सरकारने भाव देऊन घेतली पाहिजे, तीही इथल्याच आश्रमशाळांच्या ताटासाठी. छत्तीसगडने 2021 पासून कोदो-कुटकीला किलोमागे 30 रुपयांचा आधारभाव दिला. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत ज्वारी, बाजरी, नाचणी आहे, सोयाबीन आहे, कारळेसुद्धा आहे. कुटकी मात्र 2023 चे भरडधान्य वर्ष गाजावाजा करून साजरे झाल्यावरही त्या यादीत आलेली नाही.