आडनाव इवलेसे, नाव कोणते?

बालमित्रांनो,

तुमच्या घरी, शेजारी किंवा मामाकडे सध्या पाळणा हलतोय का? हलत असेल, तर घरात एकच चर्चा चालू असणार. छकुलीचे नाव काय ठेवायचे? आजीला देवीचे नाव हवे, आत्याला कुणी न ठेवलेले हवे आणि दादाला त्याच्या आवडत्या खेळाडूचे! त्यातून आडनाव ओक, वाघ, पै, लेले, नेने, साने असे एक-दोन अक्षरांत संपणारे असेल, तर कुणीतरी हमखास म्हणते, "अगं, पण आडनावाला शोभायला नको का?"

आज आपण हाच प्रश्न सोडवू या. आई-बाबांनाही शेजारी बसवा बरं का!

मी शाळेत रोज हजेरी घेते. रोज तीच चाळीस नावे म्हणताना एक गोष्ट जिभेला आपोआप कळते. नाव आणि आडनाव एका दमात म्हटले जाते आणि त्याला स्वतःची एक चाल असते. "इरा ओक" असे मोठ्याने म्हणा पाहू. सुरू होते न होते तोच संपले! आता म्हणा, "अरुंधती ओक." आवाज थोडा चढतो, रेंगाळतो आणि 'ओक'वर येऊन टेकतो. म्हणून आडनाव छोटे असले, की तीन-चार अक्षरी नाव बहुधा छान बसते. वैदेही साने, मृणालिनी पै म्हणून बघा.

पण हा काही पाढा नव्हे, की दोन अक्षरी आडनावाला चार अक्षरी नावच हवे. जुन्या काळातल्या मोठ्या अभिनेत्री दुर्गा खोटे यांचे नाव घ्या. दोन अक्षरे आणि दोनच अक्षरे. तरी नाव कसे ठसठशीत वाटते! कारण 'दुर्गा'मध्ये जोडाक्षर आहे, त्यामुळे 'दु'वर आघात येतो आणि नावाला वजन मिळते. तेव्हा नुसती अक्षरे मोजू नका, कानाने तोलून पाहा.

दुसरी गंमत सांध्याची. नाव जिथे संपते आणि आडनाव जिथे सुरू होते, तिथे जीभ अडखळते का? "लीला लेले" पाच वेळा भरभर म्हणा. झाली ना बोबडी वळायला सुरुवात! "इरा राणे" भरभर म्हटले, तर 'रा' एक की दोन, तेच कळत नाही. तुमच्यातल्या मोठ्या ताई-दादांनी व्याकरणात संधी शिकली असेल. गंगा + ओघ = गंगौघ. तसेच "मीरा ओक" घाईने म्हटले, की "मीरौक" ऐकू येते. "मीरा काळे" मात्र दोन वेगळे शब्द म्हणून स्वच्छ ऐकू येतात.

तिसरी गोष्ट अर्थाची. आपल्याकडची कितीतरी छोटी आडनावे म्हणजे रोजच्या वापरातले शब्दच आहेत. काळे, गोरे, खरे, खोटे, वाघ, फुले. आता "शुभ्रा काळे" किंवा "श्यामला गोरे" असे नाव असले, तर वर्गात कुणीतरी फिदीफिदी हसणारच. नावावरून कुणाला चिडवणे वाईटच, आणि ते तुम्ही करणार नाही हे मला ठाऊक आहे. पण नाव ठेवणाऱ्यांनी आधीच थोडा विचार केला, तर बिघडले कुठे? मात्र याची फार धास्तीही नको. दुर्गाबाईंचे आडनाव 'खोटे' होते, म्हणून त्यांच्या अभिनयाला कुणी खोटे म्हटले का? माणूस मोठे झाले, की आडनावाचा अर्थ मागे पडतो.

चौथी गोष्ट खास पहिलीच्या बाईंची. मूल आधी साधी, कानामात्रा नसलेली अक्षरे लिहायला शिकते. जोडाक्षरे येतात सगळ्यांत शेवटी. त्यामुळे 'कमल' आपले नाव पाटीवर लवकर लिहिते आणि नाचत दाखवायला येते. 'मृण्मयी' बिचारी पेन्सिल चावत बसते! नाव सुंदरच आहे, पण तिला वेळ लागतो. आडनाव 'वाघ' असेल, तर निदान तेवढे तरी तिला पटकन जमते.

शिवाय आता कागदावरचे नाव लांबले आहे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला आहे. म्हणजे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये आई-बाबा दोघेही येऊन बसतात. हजेरीत आणि मैत्रिणींच्या तोंडी नाव-आडनाव लागून येईल, अर्जावर चारही शब्द येतील. दोन्ही प्रकारे म्हणून पाहा. अर्जावरचे ते चौकोन भरताना छोट्या आडनावाचा फायदाच होतो!

आता जरा गंभीर गोष्ट सांगते. नावाची चाल जुळली, अर्थ जुळला, म्हणजे सगळे झाले का? सातारा जिल्ह्यातली एक हकिकत ऐका. तिथल्या काही मुलींची नावे होती 'नकुशी' किंवा 'नकोशी'. घरात मुलगा हवा होता आणि पुन्हा मुलगीच झाली, म्हणून हे नाव. विचार करा, रोज सकाळी आई हाक मारणार, "नकुशे, ऊठ." शाळेत हजेरीला तेच. मैत्रिणी खेळायला बोलावणार, तेही त्याच नावाने. म्हणजे आपण कुणालाच नको होतो, हे त्या मुलीने दिवसातून वीस वेळा ऐकायचे! २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात एक समारंभ झाला आणि अशा २८५ मुलींना नवी नावे मिळाली. काही जणींनी तर आपले नवे नाव स्वतःच निवडले. याच जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या होत्या. मुलींनी शिकावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्याच जिल्ह्यात मुलींना असे नाव मिळावे, याचे वाईट वाटते. नाव बदलले म्हणून सगळे दुःख पुसले गेले असे नाही. पण नवी हाक ऐकताना त्या मुलींना कसे वाटले असेल, याचा तुम्हीच विचार करा.

म्हणून आई-बाबांनो, नाव आडनावाला शोभते का, हे जरूर बघा. पण त्याआधी ते तिला शोभेल का, आणि ही हाक ऐकून तिला बरे वाटेल का, हे बघा. मुलीचे आडनाव पुढे बदलेल किंवा बदलणार नाही. कायद्याने ते बदलावेच लागते असे नाही, तो तिच्या मर्जीचा प्रश्न आहे. जुन्या काळी तर लग्नानंतर नावही बदलत. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना होत्या. उलट इरावती कर्वे यांचे पाहा. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले. माहेरचे आडनाव करमरकर, सासरचे छोटेसे कर्वे. नाव दोन्हींकडे डौलात उभे राहिले. पुढे त्या समाजाचा अभ्यास करणाऱ्या थोर विदुषी झाल्या. स्वतःच्या पायावर उभे राहणारे नाव असे असते.

आणि घाई मुळीच करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव ठरलेच पाहिजे असे नाही. एका वर्षाच्या आत नाव विनाशुल्क नोंदवता येते. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नोंदवता येते. मात्र मराठी आणि इंग्रजी दोन्ही लेखन नीट तपासून घ्या. शाळेच्या दाखल्यापर्यंत तेच चालायचे असते.

मुलांनो, आता तुमचे काम. घरातल्या सगळ्यांकडून एकेक नाव घ्या आणि यादी करा. प्रत्येक नाव आडनावासह पाच वेळा भरभर म्हणा. मग नुसते नाव घेऊन अंगणातून किंवा गॅलरीतून जोरात हाक मारा. पाटीवर लिहून बघा. आजीला त्याचा अर्थ विचारा. शेवटी डोळे मिटून स्वतःला विचारा, "हे माझे नाव असते, तर मला आवडले असते का?" या परीक्षेत जे नाव पास होईल, ते आत्याच्या कानात सांगा. बारशाच्या दिवशी ती बाळाच्या कानात "कुर्रर्र" करून ते सांगेल. आणि तुम्हाला तिच्या पाठीत हळूच धपाटा घालायला मिळेल, तो वेगळाच!

ज्यांच्या घरी पाळणा नाही, त्यांनी आज रात्री जेवताना आईला विचारा, "माझे नाव कुणी ठेवले? दुसरी कोणती नावे सुचली होती?" जे कळेल ते वहीत लिहून ठेवा. वर्गात एकमेकांना वाचून दाखवाल, तेव्हा खूप मजा येईल.

तुमच्या
बाई