चुका लोखंडाच्या की कारभाऱ्यांच्या?

देवस्थानच्या चांदीच्या समईची नोंद वहीत वजनासह असते. तिला पोचा पडला तर महाजनांच्या सभेत त्याची चर्चा होते. परंतु त्याच देवस्थानच्या अग्रशाळेत टांगलेल्या तैलचित्राची कड कुजून कॅनव्हास चौकटीतून लोंबू लागला, तर कोणी अवाक्षर काढीत नाही. “चित्र जुने झाले, त्याला कोण काय करणार?” असे म्हणून कारभारी मोकळे होतात. आमचा आक्षेप नेमका या उद्गाराला आहे.

चित्राचा घात कोठून होतो ते पाहावे. जवसाच्या वाखाचे वा सुती कापड लाकडी चौकटीवर ताणून कडेने लोखंडी चुका ठोकतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यात समुद्राची खारी हवा. मग लोखंड गंजावाचून कसे राहील? गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यातील लोहाचे अंश कापडाच्या तंतूंचा ऱ्हास वेगाने घडवून आणतात. धागा प्रथम तपकिरी होतो, मग ठिसूळ होतो आणि अखेर चुकेभोवती भोक पडते. एक चूक सुटली की तिचा भार शेजारच्या चुकांवर येतो. कापड सैल पडते, त्याला सुरकुत्या पडतात, आणि वरचा वाळलेला रंग त्यांबरोबर वाकू न शकल्याने तडकून खपल्यांनी गळू लागतो. देवीच्या मुखावरील रंग उडालेला दिसतो तेव्हा त्याचे मूळ पुष्कळदा मागच्या कडेला असते. पण मागे पाहतो कोण?

यावर उपाय म्हणून जे केले जाते ते रोगाहून भयंकर. कोणी शेजारी आणखी मोठा लोखंडी खिळा ठोकतो. कोणी फाटलेल्या जागी सरस फासतो. कोणी ओल्या फडक्याने चित्र पुसून वर तेलाचा हात फिरवतो. शेवटी पाट्या रंगविणाऱ्या पेंटरास बोलावून त्यावर नवा रंग चढविला जातो आणि या कृत्यास जीर्णोद्धार असे पवित्र नाव मिळते!

काही जण शास्त्राचा आधार घेतात: भग्न मूर्तीचे विसर्जन करतात, मग फाटक्या चित्राचे का करू नये? तो विचार प्राणप्रतिष्ठा झालेल्या पूजामूर्तीचा आहे. भिंतीवर टांगलेले चित्र ही भाविकाने अर्पण केलेली ठेव होय आणि ठेव सांभाळणे हा विश्वस्तांचा धर्म आहे. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढल्यापासून देवदेवतांच्या छापील तसबिरी घरोघर पोचल्या. तशी तसबीर फाटली तर दुसरी आणता येते. हाताने रंगविलेले चित्र गेले ते गेलेच.

खर्चाची सबबही आम्हांस मान्य नाही. चित्राची मागची बाजू वर्षातून एकदा पाहणे, छायाचित्र काढून वहीत नोंद करणे, ओल्या भिंतीवरून चित्र हलविणे, यांस पैसा लागत नाही. गंजलेल्या चुका काढण्याचे काम मात्र सुताराच्या पकडीचे नव्हे, जाणकाराचे आहे. तो गंज हलक्या हाताने कोरडा खरवडतो, कुजलेल्या कडेस मागून नव्या कापडाची पट्टी जोडतो आणि न गंजणाऱ्या पोलादी चुकांनी चित्र पुन्हा ताणून बसवितो. असे जाणकार आपल्या देशात आहेत. लखनौस १९७६ साली याच कार्यासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही कलासंवर्धनाचे केंद्र आहे. तेथे एक पत्र धाडण्यास किती द्रव्य लागते? गुळगुळीत फरशीला आणि विजेच्या रोषणाईला पैसा निघतो, तो येथेच का आटावा?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. येत्या वार्षिक सभेत प्रत्येक देवस्थानने आपल्या चित्रांची यादी वाचून दाखवावी आणि जाणकाराच्या सल्ल्यावाचून कोणत्याही चित्रास खिळा, सरस वा रंग लावू नये, असा ठराव करावा. कारभारी हा विषय काढणार नसतील, तर महाजनांनी तो काढावा.