पडद्यावरील आकडे आणि आपला लढा

वाटाघाटींच्या टेबलावर पूर्वी फायली येत, आता भिंतीवर पडदा येतो. रेल्वेच्या मंडळ कार्यालयातील पीएनएमची बैठक असो की टपाल सर्कलमधील चर्चा, रंगीत स्लाइड्स भराभर सरकतात आणि शेवटी विचारले जाते, ‘मग सहमत ना?’ कामगार प्रतिनिधीने या तंत्राला भुलू नये, तसेच बिचकूही नये. ते शिकून घ्यावे.

पॉवरपॉइंट हे सॉफ्टवेअर १९८७ साली अमेरिकेत बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. मुद्दा थोडक्यात पटवून देणे हा अशा साधनाचा गुण आहे. थोडक्यातच अडचणीची गोष्ट दडपून टाकणे, हा त्याचा दोष.

हा दोष किती महाग पडू शकतो, हे कोलंबिया यानाच्या दुर्घटनेने दाखविले. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान आकाशात असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज स्लाइड्समधून वरिष्ठांपुढे मांडला. एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. मात्र अगदी तळाच्या ओळीत खरी गोष्ट होती : चाचण्या ३ घनइंचाच्या तुकड्यावर झालेल्या, आणि आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घनइंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा! १ फेब्रुवारीला परतताना यान भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. दुर्घटना केवळ स्लाइडमुळे घडली असे नव्हे. परंतु तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइड्सवर विसंबण्याच्या सवयीवर चौकशी मंडळाने त्याच वर्षी स्पष्ट ठपका ठेवला.

रुळांवर उभा राहणारा ट्रॅकमन आणि रात्रपाळीचा आरएमएस कर्मचारी यांच्यासाठी हा धडा दूरचा नाही. पदकपातीचा प्रस्ताव ‘मनुष्यबळाचा सुयोग्य वापर’ अशा गोंडस मथळ्याखाली येऊ शकतो आणि सुरक्षिततेचा प्रश्न तळाशी बारीक अक्षरांत राहू शकतो. म्हणून मथळ्याआधी तळाची ओळ वाचावी.

आलेखांच्या बाबतीतही सावध असावे. समजा, खर्च ५२ हजारांवरून ५४ हजारांवर गेला. वाढ चार टक्क्यांहूनही कमी. पण आलेखाचा पाया शून्याऐवजी ५० हजारांवर ठेवला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट उंच दिसतो! आकडे खरे, चित्र मात्र फसवे. पाया कोठून सुरू होतो, तुलनेसाठी कोणते वर्ष घेतले, टक्केवारी कशाची, हे तीन प्रश्न तेथल्या तेथे विचारलेच पाहिजेत.

आपली बाजू मांडतानाही काही पथ्ये पाळावीत. एका स्लाइडवर एकच मुद्दा असावा. मथळा म्हणजे पूर्ण वाक्य हवे; ‘रिक्त पदे’ एवढेच न लिहिता ‘रिक्त पदांमुळे विश्रांतीचा दिवस बुडतो’ असे लिहावे. अक्षरे शेवटच्या रांगेतून वाचता यावीत. उडणारी अक्षरे आणि भडक रंग टाळावेत. पडद्यावरचे वाचून दाखवू नये. श्रोत्यांकडे पाहून बोलावे. मराठी मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये लिहावा आणि सोबत पीडीएफ प्रत ठेवावी, म्हणजे दुसऱ्या संगणकावर अक्षरांचा खिचडा होणार नाही. यासाठी पैसेही लागत नाहीत. लिब्रेऑफिसचे इम्प्रेस मोफत मिळते. आणि ऐन वेळी वीज गेली, तरी तोंडी मांडता येईल इतकी तयारी असावी.

मात्र स्लाइड ही निवेदनाची जागा घेऊ शकत नाही. रेल्वेत १९५२ पासून पीएनएम आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६६ पासून जेसीएम यंत्रणा उभी आहे, ती लेखी मुद्दे आणि लेखी इतिवृत्त यांच्या आधारावर. तेव्हा सादरीकरणाची प्रत व तिच्यामागील सविस्तर टिपण बैठकीपूर्वी मिळावे, असा आग्रह प्रत्येक शाखेने धरावा. वाचायला वेळ मिळाल्याशिवाय संमती देऊ नये.

प्रत्येक शाखेने निदान दोन तरुण साथींना हे काम शिकवावे. संगणक त्यांचा आणि अनुभव जुन्या कार्यकर्त्यांचा, अशी जोडी जमली तर पडदा कोणाचाही असो, त्यावरचे सत्य आपल्याला वाचता येईल आणि मांडताही येईल.