कुणाचं स्थैर्य, कुणाची तूर?

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारच्या लष्करानं लोकांनी निवडून दिलेलं सरकार मोडलं. आंग सान सू ची तुरुंगात, खासदार तुरुंगात, रस्त्यावर उतरलेली आपल्या वयाची पोरं गोळीला बळी. त्याला पाच महिनेही झाले नव्हते. जून २०२१ मध्ये दिल्ली सरकारनं त्याच म्यानमारशी डाळीचा करार केला. २०२१-२२ ते २०२५-२६, पाच वर्षं, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. आणणार खाजगी व्यापारी. तिकडून सही करणारं सरकार म्हणजे लष्करच, दुसरं सरकार शिल्लकच ठेवलेलं नव्हतं.

याला दिल्लीत फार गुळगुळीत नाव आहे. प्रादेशिक आर्थिक सहकार्य. शेजाऱ्याचं घर पेटलंय, त्याच्याशी व्यापार तोडू नका, बंदर बांधा, रस्ता काढा, माल घ्या, म्हणजे तिथं स्थैर्य येईल. बिमस्टेकच्या बैठकीत हेच, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखात हेच.

माझ्यासारख्या मॅट्रिक पास गोदी कामगारानं परराष्ट्र धोरणावर बोलू नये असं वाटणारे पुष्कळ आहेत. आपल्यातही आहेत. त्यांना एकच सांगतो. ते धोरण पोत्यात भरून येतं, आणि कंटेनरमधून निघालेलं ते पोतं आमच्या टोळीच्या पाठीवरून थप्पीला लागतं. व्यापारी त्या मालाला लेमन तूर म्हणतात. आणि बुलडाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावात, माझी माय दुसऱ्याच्या वावरात तूर सोंगते. एकाच डाळीच्या दोन टोकांना आम्ही मायलेक उभे आहोत, आणि दोन्हीकडे आमची मजुरी ठरवणारा तिसराच आहे. म्हणून या करारावर बोलायचा पहिला हक्क आमचा.

आधी आपल्या टोकाचं बघू.

बुलडाण्यातली तूर म्हणजे सोयाबीनच्या ओळींत पेरलेली तूर. मृगाच्या पावसाला पडते, डिसेंबर-जानेवारीत सोंगणीला येते. सोयाबीननं दगा दिला की कोरडवाहू माणूस तुरीकडे डोळे लावून बसतो. २०२३-२४ मध्ये तूर क्विंटलला दहा हजारांच्या वर गेली. सरकार म्हणालं, भाव चढलाय, आयात पाहिजे. ती तर मे २०२१ पासून खुलीच होती, मार्च २०२३ मध्ये वरचा १० टक्के करसुद्धा काढून टाकला होता. ठीक. मग २०२५ च्या सुरुवातीला नवी तूर बाजारात आली आणि भाव ७,५५० च्या हमीभावाखाली घसरला. आता दार बंद झालं का? नाही. जानेवारी २०२५ मध्ये, तूर खळ्यावर असतानाच, बिनकराच्या आयातीची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली. भाव चढला की शहराची काळजी, भाव पडला की कुणाचीच नाही.

हे नवं नाही. २०१७ मध्येही तूर ५,०५० च्या हमीभावाखाली गेली होती. नाफेडच्या केंद्रांवर पोत्यांच्या रांगा, आणि बारदाना नाही म्हणून खरेदी बंद. त्या वेळी सत्ताधारी पक्षाच्या प्रदेशाध्यक्षाच्या तोंडून तुरीसाठी रडणाऱ्या शेतकऱ्यांना शिवी निघाली होती. विसरू नका.

म्यानमारची लाखभर टन तूर एकटीच भाव पाडते असं मी म्हणत नाही. मोझांबिकहून येते, मलावीहून येते, टांझानियाहून येते. आपलंच पीक दणकून आलं तरी भाव पडतो. पण व्यापाऱ्याच्या हातात बाहेरचा माल असला की तो खामगावच्या, मेहकरच्या बाजारात घाई करत नाही. तो थांबू शकतो. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला थांबता येत नाही. सगळा खेळ एवढ्यातच आहे.

आणि हमीभाव, हमीभाव म्हणून जे ओरडतात त्यांनाही विचारायचंय, कुणाचा हमीभाव? नाफेडच्या केंद्रावर नाव नोंदवायला सातबारा लागतो, त्यावर तुरीचा पेरा लागतो. आपल्या वस्तीतल्या किती घरांत सातबारा आहे? १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीनांनी तुरुंग भरले. १९९१ मध्ये सरकारनं १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं मान्य केलं. तरी आपल्याकडे ई-क्लास जमीन कसणारा माणूस आजही तलाठ्याच्या दारात उभा आहे. पीक त्याचं, घाम त्याचा, कागदावर तो चोर. बटईनं करणाऱ्याचंही तेच, पेरा मालकाच्या नावानं. मग ही माणसं तूर कुठं विकतात? दारात काटा घेऊन येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला. तो म्हणेल तो भाव, तो म्हणेल ते वजन, वरून मातेऱ्याची कट्टी. आणि ज्या बाईकडे बटईचंही वावर नाही, तिची सोंगणीची रोजी भाव दहा हजार असताना वाढत नाही, पण भाव पडला की मालक पहिल्यांदा तिलाच सांगतो, औंदा परवडत नाही.

आता दुसऱ्या टोकाला या.

म्यानमारच्या मधोमध सगाईंग, मॅगवे, मंडाले हा कोरडवाहू मुलूख आहे. तीळ, तूर ही त्यांची पिकं. आपल्या लोणार-सिंदखेडराजासारखाच पावसाच्या भरवशावर जगणारा. आणि लष्कराविरुद्ध सगळ्यात जास्त लढणारा मुलूखही हाच. सगाईंगमध्ये गावंच्या गावं जाळली. ११ एप्रिल २०२३ ला पाझीजी नावाच्या खेड्यात लोक एका कार्यालयाच्या उद्घाटनाला जमले होते, त्यांच्यावर विमानातून बॉम्ब टाकले. दीडशेच्या वर माणसं मेली. त्यात लेकरं होती.

अशा मुलखातल्या डाळीचा पैसा कुठून कसा फिरतो ते नीट समजून घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनं डॉलरचा सरकारी भाव २,१०० क्याट ठरवला. खुल्या बाजारात डॉलर त्याच्या कितीतरी वर. निर्यातदारानं कमावलेल्या डॉलरपैकी ६५ टक्के बँकेला सरकारी भावानं विकायचे असा हुकूम निघाला. पुढे हा वाटा कमी केला, पद्धत ठेवली. म्हणजे लष्कराला डॉलर स्वस्तात मिळाले. तोटा निर्यातदार काय आपल्या खिशातून भरतो? तो खळ्यावरच्या भावातून कापतो. आपल्याकडची मातेऱ्याची कट्टी आणि तिकडची डॉलरची कट्टी, जात एकच.

जून २०२३ मध्ये अमेरिकेनं म्यानमारच्या परदेशी व्यापार बँकेवर निर्बंध घातले. डॉलरची वाट अडली. लगेच जानेवारी २०२४ मध्ये पंजाब नॅशनल बँकेतून थेट रुपया-क्याट व्यवहाराची सोय झाली. डाळीच्या व्यापाऱ्यांनी तीच वापरावी असं सांगितलं गेलं. अमेरिका कुणाच्या कल्याणासाठी निर्बंध घालत नाही हे मलाही कळतं. पण आपण जी वाट काढून दिली ती तिथल्या तूरवाल्यासाठी नव्हती. ती व्यापाऱ्यासाठी आणि बँकेवर बसलेल्या सेनापतींसाठी होती.

या सगळ्यातून स्थैर्य तरी आलं का? त्यांच्याच हिशेबानं बघू. म्यानमारमधून मिझोरामपर्यंत नदी आणि रस्त्यानं माल न्यायचा कलादान प्रकल्प, करार २००८ चा. अराकानमधल्या सित्तवे बंदरात ९ मे २०२३ ला कोलकात्याहून सिमेंटच्या पोत्यांचं पहिलं जहाज लागलं. फोटो निघाले, फीत कापली. जानेवारी २०२४ मध्ये त्याच वाटेवरचं पलेतवा अराकान आर्मीनं जिंकून घेतलं. ज्याच्याशी करार केला त्याच्या हातातून जमीनच गेली. बंदर बांधलं, पण बंदरापुढचा मुलूख कुणाचा हे त्या मुलखाला कुणी विचारलंच नव्हतं.

हे स्थैर्य आपल्याला नवं नाही, दोस्तहो. आपण गावात वाढलोय. २००७ मध्ये महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम निघाली. कल्पना चांगली, बक्षीसही मोठं. आपल्या वस्तीला तिचा अर्थ काय कळला? पोराला मारलं, बाईला छेडलं, पाणवठ्यावर अडवलं, की समितीची माणसं घरी येतात. ॲट्रॉसिटी नको करू, गावाचं बक्षीस जाईल. मिटव. मिटवलं की गाव शांत. मारणारा शांत, मार खाणारा गप्प, फोटोत दोघंही. वरच्यांना ज्या शांततेचा फायदा असतो तिलाच स्थैर्य म्हणतात. म्यानमारमध्ये डिसेंबर २०२५ मध्ये लष्करानं निवडणूक मांडली, सू चीचा पक्ष २०२३ मध्येच बरखास्त करून. तीही तंटामुक्तीच.

आता आपल्यातल्या काही मित्रांशी. ते म्हणतात, म्यानमार बुद्धाचा देश आहे, आपण त्याच्याविरुद्ध कशाला बोलायचं? मी म्हणतो, बुद्धाचा देश आहे म्हणूनच बोलायचं. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला रंगूनला गेले. रंगूनहून आलेली मूर्ती त्यांनी २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडच्या विहारात बसवली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या महास्थवीर चंद्रमणींनी त्यांना दीक्षा दिली ते अराकानचे होते. त्याच अराकानमधून २०१७ मध्ये सात लाखांवर रोहिंग्यांना जाळपोळ करून, बलात्कार करून बांगलादेशात हाकललं. आणि ज्या सेनापतीच्या हाताखाली हे झालं त्यानं ऑगस्ट २०२३ मध्ये राजधानीत बुद्धाची प्रचंड संगमरवरी मूर्ती उभारली. मूर्ती उभारली म्हणून तो आपला होत नाही. आपल्याकडेही १४ एप्रिलला हार घालणारे कमी आहेत का? २००७ मध्ये तिथले भिक्खू लष्कराविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि मार खाल्ला. आपला धम्मबंधू कोण, हे त्या दोघांतून निवडायचं आहे. बघ्याची जागा नाही.

आणि या सहकार्याचं खरं रूप बघायचं तर सरहद्दीवर बघा. डाळ बिनकराची येते. माणूस? मार्च २०२१ मध्ये गोळ्या चुकवत चिन लोक मिझोराममध्ये आले. गृहखात्यानं ईशान्येतल्या राज्यांना पत्र पाठवलं, घुसखोरी रोखा, निर्वासितांचा दर्जा द्यायचा अधिकार तुम्हाला नाही. मिझोरामनं ऐकलं नाही, तीस हजारांवर माणसं सांभाळली. शाब्बास म्हणायचं तर त्या राज्याला म्हणा. २०१९ च्या नागरिकत्व कायद्यात म्यानमारचं नावच नाही. मे २०२५ मध्ये तर दिल्लीतून उचललेल्या रोहिंग्यांना म्यानमारजवळ समुद्रात उतरवल्याचा आरोप झाला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञाला चौकशी सुरू करावी लागली. पोत्याला वाट आहे, पोतं पिकवणाऱ्याला नाही.

मुंबईतले मित्र विचारतील, गोवंडीतल्या, धारावीतल्या आपल्या माणसाला डाळ स्वस्त नको का? पाहिजे. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली तेव्हा आपल्याच घरातलं वरण पातळ झालं होतं. पण तूर पडली म्हणून डाळ तेवढी पडते का, हे वाण्याच्या दुकानात जाऊन बघा. गरिबाला स्वस्त डाळ द्यायचा रस्ता रेशनच्या दुकानातून जातो. त्यासाठी मेहकरच्या बटईदाराचा आणि सगाईंगच्या शेतकऱ्याचा गळा धरायची गरज नाही.

मी म्यानमारच्या तुरीविरुद्ध नाही. ती पिकवणारा माझ्या मायसारखाच आहे. तिच्या नावानं चाललेल्या दलालीविरुद्ध आहे. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात.

एक. बाजार हमीभावाखाली गेला की बिनकराची आयात आपोआप थांबली पाहिजे. त्यासाठी मंत्र्याच्या मर्जीची वाट बघायला लागू नये.

दोन. हमीभावानं खरेदी कसणाऱ्याच्या नावानं व्हावी, मालकाच्या नाही. ई-क्लास जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर करा. सोंगणीच्या बाईला किमान वेतन हातात द्या.

तीन. म्यानमारशी कुठलाही करार असो, त्यात शेतकऱ्याला किती, निर्यातदाराला किती, बँकेला किती, आयातदाराला किती, हे जाहीर झालं पाहिजे. लष्कराच्या तिजोरीतून जाणारी वाट बंद.

चार. जिथून डाळ घेतो तिथून पळून आलेल्या माणसाला आसरा. रोहिंग्याला, चिनला, कुणालाही. धर्म न विचारता.

पाच. ही पोती उतरवणाऱ्या कंत्राटी कामगाराला माथाडी कायद्याचं संरक्षण. कायदा १९६९ चा आहे. मी काम करतो तिथं तो दारातच अडवला जातो.

बुलडाण्याच्या पोरांनी सोंगणीच्या दिवसांत गावी जावं. सभा घ्यायला नाही, यादी करायला. ई-क्लास कोण कसतो, बटईवर कोण आहे, तूर कुणाला विकली, कोणत्या भावानं, रोजी किती मिळाली. ही यादी घेऊन तहसीलवर जाऊ. शहरातल्यांनी गोदीत, यार्डात, माल उतरवणाऱ्यांत बोलावं. सहकार्य आम्हालाही करायचंय, पण ते राबणाऱ्याचं राबणाऱ्याशी.

जयभीम.