शुद्ध जातीच्या श्वानांची नेत्रतपासणी जोडी लावण्यापूर्वी व्हावी : श्वानपालक, ब्रीडर आणि श्वानसंघटनांना जाहीर आवाहन

महाराष्ट्रातील शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल, पग, शित्झू अशा शुद्ध जातीच्या श्वानांची पैदास घरगुती पातळीवर होत असते. नर कोणाचा, मादी कितव्यांदा विणार, वंशावळीचा कागद आहे की नाही, रंग कसा उतरेल, याची चौकशी जोडी लावण्यापूर्वी बारकाईने होते. परंतु त्या दोघांचे डोळे आतून तपासून घेण्याची पद्धत मात्र अद्याप फारशी रुळलेली नाही. ती रुळावी, आणि तपासणीचा निष्कर्ष चांगला असो वा वाईट, पिल्लू नेणाऱ्या कुटुंबापर्यंत तो पोहोचावा, यासाठी हे आवाहन करण्यात येत आहे.

श्वानाची कोणतीही ‘शुद्ध जात’ मोजक्या पूर्वजांपासून आणि त्यांच्याच संततीच्या आपसांतील संयोगातून घडलेली असते. या निवडीत रूप आणि स्वभाव जसे पक्के होतात, तसेच काही सदोष जनुकही जातीत टिकून राहतात, आणि त्यांपैकी अनेक अप्रभावी असतात. म्हणजे आई आणि वडील या दोघांकडून सदोष प्रत मिळाली तरच रोग प्रकट होतो, एकाकडूनच मिळाली तर प्राणी आयुष्यभर निरोगी राहतो आणि तरीही तो दोष पुढच्या पिढीत सोडू शकतो. अशा प्राण्याला वाहक म्हणतात. एखादा प्रदर्शनविजेता नर वाहक असला आणि जो तो त्याच्याकडेच मादी नेऊ लागला, तर काही वर्षांत त्या परिसरातील अर्धीअधिक पिल्ले एकमेकांची सावत्र भावंडे ठरतात. पुढे त्यांच्यातच जोड्या लागतात, आणि तोवर झाकलेला दोष एकाएकी घरोघर दिसू लागतो.

दृष्टिपटलाचा क्रमिक ऱ्हास हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. डोळ्याच्या मागील बाजूस असणाऱ्या प्रकाशसंवेदी पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यातील मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशी आधी आणि उजेडात काम करणाऱ्या पेशी नंतर मरत जातात, त्यामुळे श्वानाला प्रथम रातांधळेपणा येतो आणि अखेरीस पूर्ण अंधत्व येते. लॅब्रॅडॉर, कॉकर स्पॅनियल, पूडल अशा अनेक जातींमध्ये आढळणाऱ्या या रोगाच्या एका प्रकारामागील उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातील बदल, २००६ साली ओळखण्यात आले. तो बदल केवळ एका अक्षराचा आहे, आणि रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा दृष्टिपटलाचा आनुवंशिक विकार झालेल्या बांगलादेशातील एका रुग्णातही नेमका तोच बदल सापडला होता. श्वानाच्या डोळ्याला क्षुल्लक मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

या रोगाचा खरा घातकीपणा त्याच्या वेळेत आहे. वरील प्रकारात लक्षणे बहुधा ऐन प्रौढ वयात जाणवू लागतात, आणि तोपर्यंत नरापासून कित्येक वेतांचा जन्म झालेला असतो. शिवाय श्वान तक्रार करत नाही. घ्राणशक्ती, श्रवण आणि सवय यांच्या आधारे तो ओळखीच्या घरात इतका सफाईने वावरतो, की फर्निचर हलवले किंवा बिऱ्हाड बदलले म्हणजेच त्याचे आंधळेपण मालकाच्या लक्षात येते. संध्याकाळी जिना उतरताना घुटमळणे, बाहुल्या सतत मोठ्या राहणे आणि दिव्याच्या उजेडात डोळे पूर्वीपेक्षा अधिक चमकणे ही लक्षणे दिसली, तर वयाला दोष न देता श्वानास पशुवैद्यकाकडे न्यावे.

गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर किंवा रक्तावर होणाऱ्या डीएनए चाचणीने वाहक ओळखता येतात. दोन वाहकांची जोडी लावली तर प्रत्येक पिल्लाला रोग होण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक होण्याची ५० टक्के असते. वाहकाची जोडी दोषमुक्त श्वानाशी लावली तर सरासरी निम्मी पिल्ले वाहक निघतात, परंतु त्या दोषामुळे एकही आंधळे होत नाही. म्हणूनच वाहक ठरलेला प्रत्येक श्वान पैदाशीतून बाद करण्याची घाई करू नये, कारण तसे केल्यास आधीच आकसलेला वंशसाठा आणखी आकसतो आणि दुसरेच दोष वर येतात. वाहकाची जोडी चाचणीत दोषमुक्त ठरलेल्या श्वानाशीच लावावी आणि त्याच्या पिल्लांची चाचणी करून पुढील निवड करावी, हाच शहाणपणाचा मार्ग होय. ‘आमच्या रक्तात दोष नाही’ असे छातीठोक सांगणाऱ्या ब्रीडरपेक्षा वाहकाचा अहवाल पुढे ठेवणारा ब्रीडर अधिक विश्वासार्ह समजावा.

मात्र डीएनए चाचणी म्हणजे नेत्रतपासणी नव्हे. ती ठरावीक, आधीच ज्ञात असलेले उत्परिवर्तनच शोधते. आनुवंशिक मोतीबिंदू, म्हणजे भिंगाला येणारी अपारदर्शकता, अनेक जातींत कोणत्या जनुकामुळे येते हे निश्चित नाही, आणि तेथे प्रत्यक्ष डोळा पाहण्यावाचून गत्यंतर नसते. काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस कायमची निकामी होते. त्याची आनुवंशिक शक्यता पारखण्यासाठी पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यावर, विशेष भिंग ठेवून डोळ्यातील द्रव बाहेर जाण्याचा कोन पाहावा लागतो. कॉली जातीच्या पिल्लांची तपासणी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात करणे इष्ट असते, कारण त्यांच्यातील जन्मजात दोषाच्या सौम्य खुणा पुढे रंगद्रव्याखाली झाकल्या जातात आणि सदोष पिल्लू निर्दोष भासते. इतरांच्या बाबतीत दोष उशिरा प्रकट होऊ शकत असल्याने पैदाशीतील श्वानाची तपासणी दरवर्षी व्हावी. अमेरिकेतील नेत्रप्रमाणपत्राची मुदतही १२ महिनेच असते, ती याच कारणाने.

पापणी आत वळून केस बुबुळाला घासणे आणि तिसऱ्या पापणीची ग्रंथी लाल गोळ्यासारखी बाहेर येणे, ज्याला ‘चेरी आय’ म्हणतात, हे दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. पण दुरुस्त होतो तो डोळा, जनुक नव्हे. शस्त्रक्रिया लपवून अशा श्वानाची जोडी लावणे ही सरळ फसवणूक आहे.

पगची गोष्ट याहून वेगळी, आणि अधिक अवघड. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने भारतात घरोघर पोहोचलेल्या या जातीत दोष एखाद्या लपलेल्या जनुकात नसून चेहऱ्याच्या घडणीतच आहे. चपट्या कवटीमुळे खोबणी उथळ राहते, डोळे पुढे येतात, झोपेत पापण्या पुरत्या मिटत नाहीत, आणि कोरड्या पडणाऱ्या पारपटलावर व्रण किंवा काळसर रंगद्रव्याचा थर चढत जातो. एका मिनिटात कागदी पट्टी किती ओली होते हे मोजणाऱ्या साध्या चाचणीत १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक अश्रू सामान्य मानले जातात, आणि १० मिलिमीटरच्या आत आल्यास डोळा कोरडा पडत असल्याची शंका घेतली जाते. पग आणि शित्झू यांच्या मालकांनी ही चाचणी अवश्य करून घ्यावी. श्वानप्रदर्शनांच्या आयोजकांनी आणि परीक्षकांनीही बटबटीत डोळ्यांना बक्षीस देणे थांबवावे. मागणी तेथूनच निर्माण होते, आणि तिची किंमत कुत्रा मोजतो.

ब्रिटनमध्ये पशुवैद्यक संघटना, केनेल क्लब आणि मेंढपाळांच्या श्वानांची आंतरराष्ट्रीय संस्था या तिघांनी मिळून १९६०च्या दशकातच नेत्रतपासणीची संयुक्त योजना उभी केली. भारतात श्वान प्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे. वंशावळीचा कागद मात्र वंश सांगतो, दृष्टी सांगत नाही. यास्तव पिल्लू घेणाऱ्याने आईवडिलांचे नेत्र-अहवाल मागावेत, आणि स्थानिक श्वानसंघटनांनी पैदाशीतील श्वानांच्या निष्कर्षांची खुली नोंदवही ठेवावी.

लातूर, सोलापूर आणि त्यालगतच्या भागांत कारवान आणि पश्मी पाळणाऱ्यांना हे आवाहन विशेषत्वाने आहे. नजरेने सावज हेरून त्याचा पाठलाग करणारे हे शिकारी श्वान. त्यांची सारी योग्यता डोळ्यांवर अवलंबून असते. बाजारातील डीएनए चाचण्या प्रामुख्याने परदेशी जातींत सापडलेल्या उत्परिवर्तनांवर बेतलेल्या आहेत. म्हणून देशी श्वानांच्या बाबतीत अशा चाचणीत ‘दोष नाही’ असे उत्तर आले तरी त्यावर विसंबू नये आणि प्रत्यक्ष तपासणीलाच प्राधान्य द्यावे.

परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत किंवा श्वाननेत्रांचे काम करणाऱ्या खाजगी पशुवैद्यकांकडे तपासणीबाबत चौकशी करावी. माणसांच्या डोळ्यांचे घरात उरलेले थेंब श्वानाच्या डोळ्यात घालू नयेत, कारण त्यांत स्टेरॉइड असल्यास पारपटलावरील व्रण चिघळून डोळा फुटू शकतो. वृद्ध श्वानाच्या भिंगावर येणारी निळसर झाक हा दरवेळी मोतीबिंदू नसतो. वयोमानाने भिंग घट्ट झाल्याची ती खूण असू शकते आणि तिने दृष्टी फारशी जात नाही, हा भेद तपासणीतच कळतो. तपासणीस सहसा भूल लागत नाही. अश्रू, दाब आणि कोन आधी पाहून मग बाहुली मोठी करणारे थेंब घातले जातात आणि वीस ते तीस मिनिटांनी भिंग व दृष्टिपटल पाहिले जाते. श्वानाचा मायक्रोचिप क्रमांक आणि पूर्वीचे अहवाल सोबत न्यावेत, आणि बाहुली काही तास मोठीच राहत असल्याने परतताना त्यास कडक उन्हातून नेऊ नये.