स्वसंरक्षणाचा हक्क : कायद्यातला आणि ठाण्यातला

बांधावरून किंवा मजुरीवरून गावात मारामारी झाली की दुसऱ्या दिवशी बहुधा दोन फिर्यादी दाखल होतात. हल्ला करणारा फिर्यादी बनतो आणि हल्ला अडवणारा आरोपी. अशा वेळी मजुराला सांगितले जाते, ‘तूही काठी उचललीस ना? मग दोघेही सारखेच दोषी.’ हे सांगणे कायद्याला धरून नाही.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ९६ ते १०६ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्याच्या शरीराचेही रक्षण करण्याची मुभा त्यात आहे. पहिला वार अंगावर पडेपर्यंत थांबण्याचे बंधन नाही. धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच हक्क सुरू होतो. मृत्यूची, जबर दुखापतीची, बलात्काराची वा अ‍ॅसिडहल्ल्याची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा प्राण जाण्यापर्यंतही तो पोचतो.

मात्र या हक्काला मर्यादा आहेत. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तर हक्क उरत नाही. हल्लेखोर पळू लागला, धोका टळला, की हक्कही संपतो. त्यानंतर पाठलाग करून घातलेला घाव हा सूड ठरतो. दोन्ही बाजू लढण्याच्याच इराद्याने भिडल्या असतील, तर कोणालाच या हक्काचा आश्रय घेता येत नाही.

न्यायालयांनी माणसाची अवस्था ओळखली आहे. १९५० साली कटनीच्या दंगलीत जमाव दारावर लाठ्या मारीत असता एका गृहस्थाने गोळी झाडली व एक माणूस ठार झाला. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. अशा क्षणी किती बळ वापरावे हे सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

मग अन्याय होतो तो कोठे? स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. तो सरकार पक्षाइतका जड नाही. आपली हकीगत अधिक संभवनीय आहे एवढे दाखवले तरी पुरते. पण त्यासाठी कागद लागतो. सधन माणूस मारामारीनंतर तासाभरात वाहनाने ठाण्यात आणि इस्पितळात पोचतो. मजूर जखमेवर हळद दाबून घरी बसतो, आणि तिसऱ्या दिवशी अटक होते तेव्हा त्याच्या जखमांची कोठेही नोंद नसते. आरोपीच्या अंगावरील गंभीर जखमांचा खुलासा सरकार पक्षाने न केल्यास त्याची हकीगत संशयास्पद ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच सांगितले आहे. परंतु ज्या जखमा कागदावर आल्याच नाहीत, त्यांचा खुलासा कोण मागणार?

म्हणून कार्यकर्त्यांचे काम घटनेच्या दिवशीच सुरू होते. जखमीला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन दाखला घ्यावा. फिर्यादीत हल्ला कोणी सुरू केला हे स्पष्ट लिहवून तिची विनामूल्य प्रत मागावी. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवावा व तरीही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे. आणि हल्लेखोर मागे फिरल्यावर आपल्याच माणसांचे हात आवरण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे. त्या क्षणी सुटलेला एक दगड साऱ्या वस्तीचा बचाव धुळीस मिळवू शकतो.